झेनची नोंदवही: फॅन बेल्ट आणि उजवं फाउंडेशन, एकाच जॅकवर

कार्बोरेटर साफ झाला, आयडलिंग जागेवर आलं, तरी सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरायचं काही थांबेना. त्यात सकाळी स्टार्ट केली की बेल्टची किंकाळी. म्हणून ही खेप इंजिनाच्या उजव्या बाजूची: फॅन बेल्ट, आणि फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसिसवर धरून ठेवणारं रबर-लोखंडाचं माउंटिंग. जुनी, ९९३ सीसीवाली मारुती झेन (एस्टिलो नव्हे) ज्यांच्या दारात आहे त्यांना ही नोंद जशीच्या तशी चालेल. बाकीच्यांच्या गाडीत बोल्ट दुसरीकडे असतील, पण कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी बेल्टचं. स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं ते भरून काढायला ऑल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) सुरुवातीची काही मिनिटं जोर लावतो. त्याच वेळी हेडलाइट आणि ब्लोअर चालू असले की ढिला बेल्ट पुलीवर घसरतो आणि ओरडतो. पुढे भार उतरला की आवाज जातो, म्हणून लोक महिनोन्‌महिने तसंच दामटतात. खात्री करायला झाडांवर फवारायची पाण्याची बाटली पुरते. इंजिन चालू ठेवून, बाही वर करून, लांबूनच बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. आवाज वाढला तर बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय. क्षणभर गप्प होऊन पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आमचा चांगलाच वाढला. साबणाची वडी लावायचा रस्त्यावरचा उपाय माझ्या मते निव्वळ फसवणूक आहे. आवाज दबतो, घसरणं चालूच राहतं. आणि या गाडीत वॉटर पंपही याच बेल्टवर आहे. घाटात बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि मागोमाग टेंपरेचरचा काटा चढतो. बेल्टच्या नावात ‘फॅन’ असला तरी रेडिएटरचा पंखा विजेवरचा, तो फिरत राहतो, पण पाणीच फिरत नसेल तर त्या फिरण्याला काय अर्थ?

फाउंडेशनची परीक्षा दोघांची. हँडब्रेक घट्ट, चाकांना पुढून-मागून विटा, बॉनेट उघडं. मुलगा स्टिअरिंगवर, मी बाजूला. गाडीसमोर उभं राहायचं नाही, म्हणजे नाही. पहिला गिअर टाकून त्याने क्लच जरा जरा सोडायला घेतला.

“बाबा, अजून सोडू?”

“सोड, पण बंद पडू देऊ नको.”

इंजिन उजव्या कोपऱ्यातून चांगलं दोन बोटं उचललं गेलं आणि क्लच दाबताच धप्प करून खाली बसलं. थोडं हलणं ठीक असतं, रबर त्यासाठीच दिलंय. धप्प आवाज मात्र लोखंडावर लोखंड बसल्याचा. रिव्हर्समध्येही तेच. टॉर्च मारून पाहिलं तर रबर लोखंडापासून अर्ध्याच्या वर सुटलेलं.

सामानासाठी पुण्याची नाना पेठ. शेठजींनी दोन फाउंडेशनं काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, हे लोकल, हे ओरिजिनल. बघून घ्या.” नख दाबून पाहिलं. लोकलचं रबर गाडीच्या टायरइतकं कडक. असलं फाउंडेशन इंजिन पकडून ठेवतं खरं, पण प्रत्येक थरथर थेट चेसिसला पोचवतं. बेल्टात पैसे वाचवले तर एक वेळ चालेल, इथे नको. बेल्ट मात्र एसीचाही घेतला, कारण तो बाहेरच्या बाजूला आहे. फॅन बेल्टला हात घालायचा तर तो आधी उतरवावाच लागतो.

आता दोन्ही कामं एकत्र का? उजव्या बाजूला पुली आणि चेसिस यांच्यात जेमतेम हात जातो. फाउंडेशन खचलं की इंजिन आणखी खाली येतं आणि ती फटही अडचणीची होते. इंजिन टेकूवर घेऊन फाउंडेशन सोडवलं की तेच इंजिन थोडं वर-खाली करता येतं आणि बेल्ट निवांत निघतो. वेगवेगळं करणं म्हणजे जॅक दोनदा लावणं.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. ऑल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीतला बोल्ट ढिला केला, ऑल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला. मग ट्रॉली जॅक ऑइल चेंबरखाली, मध्ये रुंद फळी. फळी विसरू नये. चेंबर पातळ पत्र्याचा, आणि ऑइल ओढणारी जाळी तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. पोचा आला तर ऑइलची वाटच अडते.

खरी गंमत जॅकच्या दांड्यात आहे. फाउंडेशनचा बोल्ट चौदा नंबरच्या पान्याने एकदा सैल करून घ्यायचा, पण काढायचा नाही. दांडा थोडासा दाबायचा आणि बोल्ट बोटांनी फिरवून बघायचा. अडकत असेल तर इंजिनाचं वजन अजून त्याच्यावर आहे. जास्त उचललं तर तो वरच्या बाजूने चिकटतो. मधे एक जागा येते, तिथे बोल्ट दोन बोटांत गरागरा फिरतो. तीच बरोबर उंची. बोल्टवर हातोडा चालवायची वेळ आली तर समजायचं की जॅक चुकलाय, बोल्ट नाही.

बेल्ट नसताना पुल्या मोकळ्या असतात, तेव्हा त्या हाताने फिरवून घ्याव्यात. वॉटर पंपाची पुली हलवून खेळ पाहिला, नाही. पंपाखाली पाण्याचे पांढरे डागही नाहीत. ऑल्टरनेटरमधून बारीक खरखर आली, बेअरिंगचे दिवस भरत आलेत. पुल्यांच्या खाचांतला गंज भांड्यांच्या हिरव्या घासणीने काढला. जुन्या बेल्टच्या कडा चकचकीत आणि आतून आडव्या चिरा. नवे ईपीडीएम रबराचे बेल्ट असे चिरत नाहीत, नुसते झिजत जातात, त्यामुळे ‘चिरा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला’ हा हिशोब आता धरू नये.

नवं फाउंडेशन बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावले. जॅक उतरवला, इंजिनाला हाताने दोन-चार हेलकावे दिले, मग टॉर्क पाना. आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

बेल्टचा ताण: पुल्यांमधल्या सर्वात लांब पट्ट्यात अंगठ्याने जोरात दाबलं की सेंटीमीटरच्या आत दबायला हवा. किंकाळीला घाबरून तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला की बोजा पंपाच्या आणि ऑल्टरनेटरच्या बेअरिंगवर जातो. आमच्या खरखरीमागे तेच कारण असावं, कारण मागे एका गॅरेजमध्ये ‘टाईट करून देतो’ म्हणून तो असा काही ताणला होता की अंगठा उमटत नव्हता.

बोपदेव घाटात चढवून आणली. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की यायचा तो दणका गेला. एसी चालू असताना स्टिअरिंगला अजून किंचित गुणगुण आहे, पण नवं रबर थोडं मुरल्याशिवाय त्यावर मत देणार नाही. किंकाळी बंद.

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो, तेव्हा दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघायचाय. गिअरबॉक्सकडचं आणि मागचं फाउंडेशन सध्या धड आहे. पुढची नोंद ऑल्टरनेटरच्या बेअरिंगची, ते ओढून काढायचा पुलर मिळाला की.