ब्लाइथची वही: 1909 पर्यंत आलो

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय. इंग्लंडच्या केंट काउंटीकडून खेळणाऱ्या कॉलिन ब्लाइथचा एकेक मोसम वहीत उतरवायचं काम 1909 पर्यंत आलंय. ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डावखुरा मंदगती फिरकी गोलंदाज, कारकीर्द 1899 ते 1914, प्रथम श्रेणीचे 439 सामने, 2503 बळी, सरासरी 16.81. वहीत मोसमाला एक पान, मोठ्या सामन्याला वेगळं पान, आणि बेरजा एक्सेलमध्ये.

आधी माझ्या दोन चुका सांगतो. तुमच्यापैकी कुणी हा काळ मांडत असेल तर तोही इथेच अडकणार.

पहिली 1899 ची. ‘बळीमागे चेंडू’ या रकान्यात त्या वर्षाचा आकडा उगाच फुगलेला दिसत होता. पदार्पणाच्या मोसमात मार खाल्ला असेल, असं समजून मी पुढे गेलो होतो. खरं कारण साधं आहे. इंग्लंडमध्ये 1899 पर्यंत षटक पाच चेंडूंचं होतं, सहाचं झालं 1900 पासून. मी सगळीकडे सहाने गुणत बसलो होतो. त्याच ऑगस्टमध्ये टनब्रिजला यॉर्कशायरविरुद्ध कारकिर्दीतल्या पहिल्याच चेंडूवर त्याने फ्रँक मिचेलचा त्रिफळा उडवला होता. त्या पानावर असा अन्याय झालेला पाहून वाईट वाटलं. पूर्ण पान नव्याने लिहिलं.

दुसरी चूक टिंबाची. 1907 च्या हेडिंग्ले कसोटीत त्याने दक्षिण आफ्रिकेच्या दोन डावांत 15.5 आणि 22.4 षटकं टाकली. एक्सेल बेरीज देतं 37.9. षटकात सहाच चेंडू, तर .9 येणार कुठून? आता मी षटकं लिहीतच नाही, आधी चेंडू करतो: 95 आणि 136, एकूण 231, म्हणजे 38.3 षटकं. तेवढ्यात 99 धावांत 15 बळी. इंग्लंडचा पहिला डाव 76 वर आटोपला होता, तरी सामना 53 धावांनी जिंकला.

पण या खेपेला सगळ्यात जास्त वेळ गेला तो नॉर्थॅम्प्टनच्या पानावर. सामना सुरू झाला 30 मे 1907 ला, ब्लाइथच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी. पावसाने खेळ खाल्ला आणि यजमान नॉर्थॅम्प्टनशायरचे दोन्ही डाव शनिवारी, 1 जूनला, एकाच दिवसात गुंडाळले गेले. 60 आणि 39. ब्लाइथचे आकडे 30 धावांत 10 आणि 18 धावांत 7. षटकं 16 आणि 15.1. चेंडू केले: 96 आणि 91, बेरीज 187. सतराने भागलं तर नेमके 11. शेष शून्य! दर अकरा चेंडूंना एक बळी, तोही दिवसभर. मी तीनदा भागून पाहिलं आणि मग पेनने लिहिलं. एरवी सगळं पेन्सिलीनेच असतं.

नॉर्थॅम्प्टनशायर कच्चा संघ होता हे खरं, काउंटी स्पर्धेत येऊन दोनच वर्षं झालेली. दहा दिवसांनी हाच संघ ग्लॉस्टरला 12 धावांत बाद झाला आणि तिथेही मारेकरी डावखुरा फिरकीवालाच, जॉर्ज डेनेट, 9 धावांत 8. उघडी, भिजून वाळत आलेली खेळपट्टी आणि डावखुरी फिरकी, म्हणजे फलंदाजाची परीक्षाच. तरीही एका दिवसात 17 बळी प्रथम श्रेणीत ब्लाइथशिवाय फक्त दोघांनी घेतलेत, व्हेरिटी आणि टॉम गॉडर्ड. समोरचा संघ कच्चा होता म्हणून हे पान लहान करायला माझं मन तयार नाही.

1909 चं पान भरगच्च आहे: मोसमात 215 बळी. एजबॅस्टन कसोटीत ऑस्ट्रेलियाचे वीसच्या वीस बळी ब्लाइथ आणि जॉर्ज हर्स्ट या दोन डावखुऱ्यांनीच वाटून घेतले, ब्लाइथचे 11. पुढच्या लॉर्ड्स कसोटीत मात्र तो नाही. त्याला अपस्माराचा त्रास होता आणि कसोटीचा ताण सोसत नसे. 19 कसोटींत बरोबर 100 बळी घेणाऱ्या माणसाच्या कसोटी एवढ्याच का, याचं बरंचसं उत्तर मला इथे दिसतं. त्या पानाच्या समासात मी ‘नाही’ एवढंच लिहिलंय.

आता 1910 आणि 1911. शेजारच्या पानावर 1911 च्याच उन्हाळ्यात अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेलेल्या बाळू पालवणकरांचे 114 बळी मांडायचेत. तेही डावखुरे, मंदगती. पुण्याच्या जिमखान्यावर ग्रेगसाहेब या इंग्रज फलंदाजाला सरावात तासन्‌तास चेंडू टाकून ते तयार झाले. इकडे वुलिचच्या शस्त्र कारखान्यात काम करणारं डेप्टफर्डचं पोर, म्हणजे ब्लाइथ, ब्लॅकहीथला सामना बघायला गेलं, केंटच्या वॉल्टर राइटने सरावाला चेंडू टाकायला बोलावलं आणि केंटचे प्रशिक्षक मॅकॅनलिस यांच्या नजरेत भरलं. दोघांची पानं समोरासमोर यावीत म्हणून वहीची शिलाई उसवून पानं हलवलीत.

1914 चं पान आखून ठेवलंय: 170 बळी, शेवटचा मोसम. ऑगस्ट संपता संपता ब्लाइथ सैन्यात भरती झाला आणि 8 नोव्हेंबर 1917 ला पॅशनडेलजवळ रेल्वेमार्गावर काम करताना तोफगोळ्याने गेला. वय 38. त्याच्यापुढची तीन पानं फाडलेली नाहीत. 1910 चे सामने उद्यापासून.