पिवळ्या बल्बखालचं रक्त

"डॉक्टर, लवकर या, गायींना पान लागलंय." जून संपत आला होता, दिवेलागणीची वेळ, आणि फोनवर घरची सून बोलत होती. मी सासवडमध्ये होतो. पुरंदरच्या पूर्वेकडच्या त्या वस्तीवर पोचायला पाऊण तास लागतो.

"किती गायी?"

"तीन."

एक साप एका वेळी तीन गायींना चावत नाही. विचारलं, "आज गव्हाणीत काय टाकलं?"

"नवं कडवळ. मघाशीच कापून आणलं."

तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "किरळ लागली गं त्यांना, किरळ." किरळ म्हणजे कडवळाची, चाऱ्याच्या कोवळ्या ज्वारीची, विषबाधा. ते निदान अचूक होतं. घरात कुणी ऐकलं नव्हतं एवढंच.

निघतानाच सांगितलं: गव्हाणीतला चारा उचला, बाकीच्यांना कडबा टाका, आणि आडव्या पडलेल्या गायीला काहीही पाजू नका. हे शेवटचं मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी शहाणा ते मोडतो. पोचलो तेव्हा एक गाय गेलेली होती आणि तिच्या नाकातून गुळाचं पाणी ओघळत होतं. शेजाऱ्याने बाटलीने पाजलं होतं. पडलेल्या जनावराला धड गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात उतरतं. धावून आलेल्या माणसाला त्या वेळी काय बोलणार? पण संताप आला तो आलाच.

दुसरी गाय आडवी, धापा टाकत होती. तिसरी उभी, पण चारी पाय लटपटत होते.

ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष, सुटतं आणि पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. रक्तात प्राणवायू भरलेला, आणि गाय मात्र गुदमरते. म्हणून शिरेतलं रक्तसुद्धा लालभडक दिसतं. हे उन्हाळी कडवळ मे महिन्यात कापलेलं, विहीर आटल्यावर खोडकी तशीच वाळत पडलेली. जूनच्या एका पावसावर गुडघ्याएवढे फुटवे आले आणि पुन्हा ऊन. किरळीसाठी याहून वाईट पीक नाही.

पण गोठ्यात शिरताना मुलगा सहज बोलून गेला, "पाऊस झाल्यावर युरियाबी टाकला होता, दुकानदार म्हणला जोमात येईल." तिथेच माझा पाय अडला. खत विकणाऱ्याने ते पीक कुणाच्या पोटात जाणार आणि कधी, हे विचारायला नको? ताण बसलेलं पीक नायट्रेटही साठवतं. त्या विषबाधेतही धाप, थरथर, आडवं पडणं हेच दिसतं. रक्त मात्र चॉकलेटी होतं. आणि उपाय एकमेकांच्या उलट. किरळीवर सोडियम नायट्राइट देतात. ते हिमोग्लोबिनचा काही भाग बदलतं आणि तो बदललेला भाग सायनाइडला धरून ठेवतो. सोबत दिलेलं थायोसल्फेट मग ते सायनाइड निरुपद्रवी करतं. नायट्रेटच्या गायीत रक्त आधीच तसं बदललेलं असतं. तिला नायट्राइट दिलं तर मीच तिला मारलं.

ही औषधं तालुक्याच्या दुकानात तयार मिळत नाहीत. मी पुण्यातून शुद्ध रसायनं आणून, तोलून पुड्या बांधतो. नायट्राइट ३ ग्रॅम, थायोसल्फेट १५ ग्रॅम, दोन्ही मिळून २०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात: मोठ्या गायीचा शिरेतून द्यायचा डोस. आम्हाला दोन्ही एकत्र कालवायला शिकवलं होतं. मी पुड्या वेगळ्या ठेवतो, कारण थायोसल्फेटने दोन्हींपैकी कुठल्याच विषबाधेत बिघडत नाही. ही सवय माझी मी लावून घेतली आणि तिचा मला अभिमान आहे.

दुसऱ्या गायीच्या मानेच्या शिरेतून सिरिंजभर रक्त ओढलं. गोठ्यात एकच पिवळा बल्ब. त्या उजेडात रक्त मला तपकिरी वाटलं. खरंच वाटलं. मी थायोसल्फेट शिरेत सोडलं आणि नायट्राइटची पुडी हातात धरून थांबलो. मग सुनेला म्हटलं, "वहिनी, पांढरं फडकं आणा." तिने घरातल्या आबांचं उपरणं आणलं. अंगणात मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात त्यावर रक्त टाकलं, तर कुंकवासारखं लाल. पळत आत आलो, नायट्राइट कालवलं, सुई लावली. अर्धं औषध जायच्या आत गायीने मान टाकली.

तिसरीला दोन्ही औषधं सलग दिली आणि पोटात उरलेल्या विषासाठी ३० ग्रॅम थायोसल्फेट नळीने पोटात सोडलं. अर्ध्या तासात तिची थरथर थांबली. रात्री दहाला तिने कडब्याला तोंड लावलं.

दुसऱ्या दिवशी विम्यासाठी शवविच्छेदन झालं. पोट उघडल्यावर कडू बदामाचा वास येतो म्हणतात. काही माणसांना तो येतच नाही, त्यांतला मी एक. म्हणून कडवळाची पानं कुस्करून बाटलीत भरली आणि वर पिक्रेटची पिवळी पट्टी लटकवली. ती विटकरी लाल झाली. सायनाइड होतंच. मग बुंध्याचा काप घेऊन त्यावर डायफेनिलामाइनचा थेंब टाकला, तर तो निळा पडला. म्हणजे नायट्रेटही होतं.

त्या चार-पाच मिनिटांचा हिशेब मला अजून लागत नाही. रक्त लाल होतं, म्हणजे थांबायला नको होतं. बुंधा निळा होता, म्हणजे थांबणं बरोबर होतं. एका वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले, "सोडून दे, लांबच्या वस्तीवर एक वाचली हेच पुष्कळ." मला हे उत्तर पटत नाही. आता बॅगेत पांढऱ्या उजेडाची बॅटरी आणि बाथरूमची एक पांढरी फरशी असते.

आबांनी विचारलं होतं, "राहिलेलं कडवळ नांगरून टाकू का?" घरात दुसरी वैरण नव्हती. मी सांगितलं, निम्म्याहून जास्त पीक फुलोऱ्यात येऊ द्या, मग कापून कडक वाळवा, सायनाइड बरंचसं उडून जाईल. नायट्रेट वाळवून जात नाही, ते बुंध्यात बसतं, म्हणून वीतभर खोड रानातच ठेवा आणि थोडं थोडं कडब्यात मिसळून घाला.

ऑगस्टमध्ये त्या बाजूला गेलो तेव्हा मुलगा कडवळ कापत होता. आजी बांधावर बसून ओरडत होती, "वरून काप, अजून वरून."