सातव्या लेव्हलचं हेडिंग आणि गायब झालेलं ‘आयपीस’

माझ्या आकाशनिरीक्षणाच्या वेबसाइटवरच्या कार्डांबद्दल, म्हणजे पानावरच्या छोट्या चौकटींबद्दल, गेल्या वेळी ‘कार्डाचं काम संपलं’ असं लिहिलं होतं. ते खरंच संपलंय. एच३ (एचटीएमएलमधलं तिसऱ्या लेव्हलचं हेडिंग; एच१ सगळ्यात वरचं) आता कार्डात पक्कं बसवलेलं नाही. लेव्हल बाहेरून द्यायची. मुख्य पानावर कार्ड एच२खाली येतं म्हणून ३, विषयांच्या पानावर थेट एच१खाली म्हणून २. हेडिंगं तपासणाऱ्या साधनांत सगळं हिरवं.

मग परवा स्क्रीन बंद करून निरीक्षणांची वार्षिक नोंदवही एनव्हीडीएवर, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, ऐकली. पुढच्या हेडिंगवर नेणारी एच कळ दाबत पुढे जात होतो. शनी, मग कडी, आणि थेट गुरू. मधलं ‘आयपीस’ (दुर्बिणीला डोळा लावायची भिंग) हे हेडिंग आलंच नाही. शिफ्ट-एच करून मागे आलो, पुन्हा तेच. इन्सर्ट-एफ७ने हेडिंगांची यादी उघडली, तिथेही नाही. स्क्रीन लावली तर ठळक अक्षरांत समोर!

दोन संध्याकाळी यात गेल्या. आधी सीएसएसवर (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या नियमांवर) संशय घेतला, मग स्क्रीन रीडरपासून मजकूर लपवणारं एरिया-हिडन (aria-hidden) शोधत बसलो. शेवटी ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडला तेव्हा दिसलं: एच७. एचटीएमएलमध्ये एच६च्या पुढे काहीच नाही. ब्राउझर एच७ला अनोळखी टॅग मानून साधा मजकूर दाखवतो, आणि माझ्या सीएसएस क्लासमुळे तो हेडिंगसारखा दिसत होता.

कारण माझंच गणित. वर्ष एच१, महिना एच२, रात्र एच३, ग्रह किंवा तारकागुच्छ एच४. आतलं टिपण मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुरात असतं; त्याची हेडिंगं माझी स्क्रिप्ट ४ने खाली ढकलते. टिपणातलं १ होतं ५, २ होतं ६, आणि ३...

तपासणी करणाऱ्या साधनांवर माझा राग नाही. त्यांच्या लेखी ते हेडिंगच नव्हतं, मग तक्रार कशाची करणार? लेव्हल गाळलेली पकडायला ती उत्तम आहेत, आणि हेडिंगांचा सांगाडा एका नजरेत दाखवणारं हेडिंग्जमॅप हे ब्राउझर एक्स्टेंशन तर मी कधीच काढणार नाही. पण कानांनी ऐकण्याला पर्याय नाही, हे आता ठाम मत झालंय.

६च्या पुढे गेलं की ६वरच थांबवायचं, हा उपाय सुचला होता. नको. ‘आयपीस’ हा ‘कडी’चा पोटभाग आहे, दोन्ही एच६ झाले की ऐकणाऱ्याला ते शेजारी वाटतात. साध्या टॅगला ‘हा हेडिंग आहे’ असं सांगणारा रोल (role="heading") देऊन एरिया-लेव्हल (aria-level) ७ लिहिता येतं, पण एनव्हीडीएत थेट उडी मारायला १ ते ६ या कळा सरावाच्या. म्हणून महिन्यागणिक स्वतंत्र पान केलं. महिना एच१, रात्र एच२, शनी एच३. टिपणं ४, ५, ६वर नेमकी बसली.

काल रात्री ऑक्टोबरच्या पानावर ३ची कळ दाबत गेलो: शनी, गुरू, कृत्तिका, देवयानी दीर्घिका. एकही ठेच नाही. तीनदा ऐकलं.

हे लिहिता लिहिता वाटायला लागलंय की ‘आयपीस’ मुळात हेडिंग नाहीच. त्याखाली एकच ओळ असते, ‘२५ मिमी’. हे नाव आणि त्याची किंमत, म्हणजे डीएल-डीटी-डीडीचं (नाव-किंमत जोड्यांच्या यादीच्या एचटीएमएल टॅगांचं) काम. मी अक्षरं ठळक हवीत म्हणून तीन हॅश, म्हणजे मार्कडाउनचं तिसऱ्या लेव्हलचं हेडिंग, टाकत आलो. तेव्हा आधी जुनी टिपणं उपसून असे भाग डीएलमध्ये हलवतो. आणि स्क्रिप्टला सांगतो, ७ निघालं तर पान बांधूच नकोस, फाइलचं नाव आणि ओळ दाखवून तिथेच थांब.