माझं स्टिकर अजून फिरतंय

परवा कॉलेजच्या प्रोजेक्ट ग्रुपवर एकाने स्टिकर टाकलं. नऊवारी, भली मोठी नथ, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड वासलेलं. सगळे हसले, मीपण हसायची इमोजी टाकली. ती नववीतली मी आहे हे त्यातल्या कोणाला माहितीच नाही.

२०१८ची गोष्ट, त्या दिवाळीच्या आसपास व्हॉट्सॅपवर स्टिकर नवीन नवीन आलेले आणि डिसेंबरमध्ये आमचं गॅदरिंग, कोथरूडची शाळा, नाव नको. मी नाचताना कोणीतरी नेमका नको तेव्हा फोटो काढला, रात्रीपर्यंत त्याचं स्टिकर झालं, सकाळी वर्गात गेले तर मागच्या बाकावरून ‘हिडिंबा आली’. मग त्याच नावाने इन्स्टावर फेक अकाउंट, माझाच डीपी. ज्याने काढलं त्याचा राग आता फारसा येत नाही, पण माझ्या शेजारी बसून रोज माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाणारीने पण ते लाईक केलेलं, ते नाही विसरले.

बाई म्हणाल्या नववीत इन्स्टा हवंय कशाला. आईने फोन काढून कपाटात ठेवला. म्हणजे उद्योग त्यांनी केले आणि फोन माझा गेला! त्यानंतर घरी काही सांगायचंच बंद केलं मी.

आता आत्तेबहीण नववीत आहे, गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला तिचा फोन, ‘ताई, आईला सांगू नको ना, फोन घेईल’. तिच्या नावाने पण फेक अकाउंट. आधी स्क्रीनशॉट काढले, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवली आणि मगच रिपोर्ट मारला, कारण एकदा उडालं की दाखवायला काही उरत नाही. आत्याशी मी बोलले, पहिलं वाक्य हेच की फोन काढून घेऊ नकोस. फॅमिली ग्रुपवर काकांनी लगेच आयटी ॲक्टचं कलम ६६ ए फॉरवर्ड केलं, ते सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलंय पण काकांना कोण सांगणार. दुसऱ्याची ओळख वापरली तर ६६ सी असतं, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. आत्या ते छापून शाळेत घेऊन गेली, त्याच संध्याकाळी अकाउंट गायब.

स्टिकरचं मात्र काही करता येत नाही, मूळ मेसेज डिलीट केला तरी ज्याने फेव्हरेटमध्ये टाकलं त्याच्याकडे ते राहतंच. प्रोजेक्टवाल्याला अजून सांगितलं नाहीये. काल त्याने परत टाकलं, व्हायव्हाची तारीख आल्यावर.