तौक्तेच्या रात्रीचा ऑक्सिजन

घरात प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायच्या काचेच्या टाकीची, म्हणजे रीफ टँकची, वीज गेली की मालक पहिल्यांदा थर्मामीटर बघतो. पाणी थंड ठेवणारा चिलर बंद, आता पाणी तापणार, प्रवाळं मरणार, ही भीती खरीच आहे. मी मात्र आधी पाण्याचा वरचा थर बघतो. तो हलतोय का? तो स्थिर झाला असेल, तर पाणी तापायच्या कितीतरी आधी आतले जीव गुदमरायला लागतात.

हे मी शिकलो कोळंबीच्या तळ्यावर. असे टँक उभारायच्या धंद्यात येण्यापूर्वी एका कोळंबी प्रकल्पावर नोकरीला होतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो तो पहाटे, उजाडायच्या आत. एअरेटर बंद पडला तर कोळंबी संध्याकाळी बरी दिसते आणि सकाळी काठाला मेलेली सापडते. घरातला रीफ टँक याच नियमाने चालतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा मालवणातल्या एका घरात मी हे रात्रभर ऑक्सिजन मीटर हातात धरून बघितलं.

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरमालक काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, निवृत्त होऊन गावी परतले आणि टँकच्या नादाला लागले. लोखंडी स्टँड त्यांनी पहिल्याच बैठकीत नाकारला. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. जांभ्याचे चिरे रचले, वर कडप्पा, कडप्प्यावर थर्माकोलची शीट आणि त्यावर काच. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे साडेआठशे लिटर. त्याखेरीज खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. पाणी, दगड, वाळू, काच मिळून वजन टनाच्या वर. खाली जमीन पक्की नसती तर मी या कामाला हो म्हटलं नसतं.

मालवणात हा टँक बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "समुद्र दारात आसा, मगे मीठ विकत कित्याक?" प्रश्न रास्त आहे. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात बोटींचं डिझेल असतं, गटारं असतात, पावसाळ्यात खाडीतून गढूळ गोड्या पाण्याचा लोंढा येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, ते या गढूळपणाला सरावलेलं आहे, आणि भरती-ओहोटी त्याचं पाणी रोज बदलते. काचेतल्या पाण्याला ती सोय नाही. म्हणून आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढलेलं, विरघळलेले क्षार अजिबात नसलेलं शून्य टीडीएसचं पाणी, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम रीफ सॉल्ट. तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४२० मिलीग्रॅमच्या आसपास. हे आकडे मोठे नाहीत, पण ते रोज तेवढेच ठेवणं हेच खरं काम. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाण्यावर पंखा लावून बाष्पीभवनाने ते थंड करायची युक्ती इथे फारशी चालत नाही, चिलरच लागतो. आणि चिलर म्हणजे वीज.

वादळाचा इशारा दोन-तीन दिवस आधीच आला होता. मी शनिवारी, १५ तारखेला, कोविडच्या कडक निर्बंधांतून वाट काढत मालवण गाठलं आणि काकांकडेच मुक्काम ठोकला. माशांना खायला घालणं बंद केलं, कारण पचनालाही ऑक्सिजन लागतो आणि विष्ठेतून अमोनिया होतो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मिठाचं पाणी तयार करून ठेवलं. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवल्या. शेजारच्या मच्छीमाराकडे मासळीचा बर्फ पेटीत शिल्लक होता, तोही सांगून ठेवला. तो बर्फ पाण्यात थेट टाकायचा नसतो, तो कुठल्या पाण्याचा आहे कुणास ठाऊक. पिशवीत घट्ट बांधून तरंगवायचा.

रविवारी पहाटे वीज गेली. दिवसभर वाऱ्याने जे केलं ते सिंधुदुर्गातल्या प्रत्येकाने पाहिलंय, त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार. मागीलदारचे दोन माड आडवे झाले, शेजारच्या मांगराची कौलं आमच्या खळ्यात येऊन पडली. मी आणि काका इन्व्हर्टरचा हिशेब मांडत होतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, प्रत्यक्षात हाताला लागतात बाराशे. चिलर तर सोडाच, लाइट बंद, घरातले पंखेही बंद. फक्त एक वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह करणारा छोटा पंखा, तोंड वर करून, पाण्याचा पृष्ठभाग फोडत राहील असा. खालचं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप तासाला थोडा वेळ चालवायचा, म्हणजे सम्पमधलं पाणी कुबट होणार नाही. इन्व्हर्टर स्वतःच काही वॉट खातो, ते धरून एवढ्यात मध्यरात्र ओलांडेल असा अंदाज होता.

अंदाज बरोबर निघाला. रात्री एकच्या सुमारास इन्व्हर्टरने ओरडायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात वेव्हमेकर थांबला.

खोलीत मेणबत्ती आणि माझा हेडलॅम्प. ३५ क्षारतेच्या पाण्यात २५-२६ अंशांना लिटरला साधारण पावणेसात मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो. तीस अंशांना सव्वासहाच्या आसपास. म्हणजे पाणी जितकं तापतं तितकी त्याची धारणशक्ती घटते, आणि नेमकी तेव्हाच माशांची ऑक्सिजनची भूक वाढते. संध्याकाळी मीटर सहावर होता, मध्यरात्री पाचवर. पंप थांबल्यावर दोन वाजून गेले तसा तो चारच्या जवळ आला. सेलवर चालणारे दोन एअर पंप सोडले होते, पण एवढ्या पाण्यात त्यांचे बुडबुडे म्हणजे भाकरीच्या पिठात चिमूटभर मीठ.

लोकांना वाटतं सगळा ऑक्सिजन मासे खातात. तसं नसतं. जिवंत दगडाच्या छिद्राछिद्रांत, वाळूच्या थरात अब्जावधी जिवाणू असतात. त्यांच्याच जिवावर टँक चालतो, तेच अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात. ते रात्रभर ऑक्सिजन ओढत राहतात. प्रवाळंही ओढतात, त्यांच्या पेशींतली शैवालं अंधारात काही देत नाहीत, घेतात.

हेडलॅम्प काचेला लावला तेव्हा पहिली खूण दिसली. ब्रिसल वर्म, म्हणजे केसाळ समुद्री किडे, जे एरवी दगडाखालून तोंडही बाहेर काढत नाहीत, ते वाळूतून निघून काचेवर चढत होते. क्लीनर श्रिम्प, ही एक छोटी कोळंबी, पाणी सम्पमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या दात्यांना धरून, मिशा पाण्याबाहेर काढून बसला होता. ब्लू टँग मासा वरच्या कोपऱ्यात, कल्ले भराभर उघडझाप करत. अँथियास मासे तर एका बाजूला कलले होते. त्यांना वाहतं, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं, ते सगळ्यात आधी जातात.

काकू उठून आल्या. "ऑक्सिजन कमी पडता काय रे?" त्यांनी विचारलं. त्यांचा भाचा नुकताच इस्पितळातून घरी आला होता. त्यांना पुढे काही समजवावं लागलं नाही. त्या स्वयंपाकघरातून तांब्याची कळशी घेऊन आल्या आणि मी त्यांचा हात धरला. तांबं हे कोळंबीला, गोगलगाईला, प्रवाळाला विष, अगदी थोडंसुद्धा. कळशी बाजूला ठेवली, न्हाणीघरातले प्लास्टिकचे दोन मग स्वच्छ धुऊन घेतले. मी एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला. मग भरायचा, हात उंच करायचा, धार सोडायची. मग भरायचा, उंच करायचा, सोडायचा. धार जितक्या उंचावरून पडते तितकी हवा सोबत घेऊन जाते. खांदे भरून आले तरी काकू थांबायला तयार नव्हत्या. मध्ये ड्रममधलं पाणी बांबूने घुसळून, टँकमधलं तेवढं काढून, ते आत घातलं. मीटर थोडा वर सरकला आणि पुन्हा उतरू लागला. साडेचारला तो साडेतीनच्या खाली गेला. दोन अँथियास तळाला पडले होते. मी ते लगेच जाळीने काढले. मेलेला मासा पाण्यात ठेवायचा म्हणजे अमोनियाला आमंत्रण.

"ह्यांका उठयतंय मी," काकू म्हणाल्या. काकांना आम्ही बळेच झोपायला लावलं होतं, सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसभर उभा होता. ते आले, मीटर बघितला, माझ्याकडे बघितलं.

"माका आधी कित्याक नाय उठवलंस? गाडीची बॅटरी काढून लावया इन्व्हर्टराक."

गाडी पडवीच्या आडोशाला होती, सुदैवाने तिच्यावर काही पडलं नव्हतं. बोनेट उघडणं, टर्मिनल सोडवणं, इन्व्हर्टरच्या वायरी प्लस-मायनस तपासून जोडणं, हे सगळं काकांनी टॉर्चच्या उजेडात असं केलं की बघत राहावं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला हात होता तो. गाडीची बॅटरी अशा कामासाठी नसते, पूर्ण उतरली तर खराब होते, पण त्या घटकेला तो विचार करायचा नव्हता. वेव्हमेकरची दोन पाती फिरली, वरचा थर मोडला. उजाडेपर्यंत मीटर साडेचारवर आला. ब्रिसल वर्म काचेवरून उतरून वाळूत गेले, तेव्हा मी पहिल्यांदा स्टुलावर टेकलो.

सकाळी मंडपवाल्याचा जनरेटर आला. एरवी मे महिन्यात तो मिळाला नसता. लग्नं बंद होती म्हणून त्याच्या गोदामात पडून होता. रस्त्यावरची झाडं तोडून टेम्पो यायला नऊ वाजले. जनरेटर मागीलदारी, घरापासून लांब ठेवला, धुराने माणसं मरतात. पंप सुरू करायची काकांना घाई झाली होती, मी त्यांना थांबवलं. पाणी गाळणाऱ्या कार्बन रिॲक्टरमध्ये रात्रभर पाणी कोंडून राहिलं होतं. उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला. ते पाणी तसंच टँकमध्ये ढकललं असतं तर रात्रभर वाचवलेलं सकाळी गमावलं असतं. रिॲक्टर आणि फेसातून घाण काढणारा स्किमर रिकामे केले, नवा कार्बन भरला, मग रिटर्न पंप. पाणी तिशीला टेकलं होतं. चिलर एकदम खाली लावला नाही, दर काही तासांनी एकेक अंश. प्रवाळाला अचानक बदल मानवत नाही.

झिनिया या मऊ प्रवाळाची मोठी वसाहत विरघळून चिकट झाली होती, ती नळीने ओढून काढली. लेदर कोरल आक्रसून मेणासारखं चकाकत होतं, ते पुढे कात टाकून उघडलं. झोआ, म्हणजे बटणांसारखे दिसणारे प्रवाळांचे भाऊबंद, दुपारीच उघडले. ज्यांच्या टँकमध्ये झोआ आहेत त्यांना एक सांगतो: मेलेल्या झोआचा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं आणि वाफेतून ते फुफ्फुसात गेलं तर माणूस अत्यवस्थ होतो. हातमोजे, चष्मा, थंड पाणी.

दुपारी शेजारचा एक मुलगा किनाऱ्यावरून मुठीएवढा दगड घेऊन आला. एका बाजूला अजून तपकिरी, बारीक छिद्रांचा जिवंत थर होता, पोराइट्स असावं. लाटांनी उखडून टाकलेलं. "ह्यो टँकीत घातलो तर चलात?" डोळ्यांत केवढी आशा. मी त्याला सांगितलं की चालणार नाही. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही घरी आणता येत नाही. म्हणूनच काकांच्या टँकमध्ये सॉफ्ट कोरल, मशरूम आणि झोआ आहेत, एकही दगडी प्रवाळ नाही. शिवाय हे पोर ज्या समुद्रकाठी वाढतंय, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तो जीव त्याच्याच घराचा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून, ओहोटीलाही पाणी आटत नाही अशा खडकांमध्ये नेऊन ठेव, जिवंत बाजू वर, असं सांगितलं. तो धावतच गेला.

मालवणात वीज परत यायला बरेच दिवस लागले. तोवर जनरेटर थोडा वेळ, बॅटरी थोडा वेळ, असं चाललं. त्यानंतर काकांनी दुसरी बॅटरी घेतली, एक वेव्हमेकर १२ व्होल्टवर थेट जोडला, म्हणजे इन्व्हर्टर मध्ये पडून वीज खाणार नाही, आणि वीज गेली की तो आपोआप सुरू होईल असा रिले स्वतः बसवला. नवीन टँकच्या कामाला मी आता हीच जोडणी आधी काढतो, बाकीचं नंतर. परवा देवगडला एका गृहस्थांनी सगळे पैसे परदेशी लाइटवर ठेवले होते. बॅटरी पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मी वाद घातला नाही, काकांना फोन लावून दिला. अर्ध्या तासाने त्यांनी फोन ठेवला आणि लाइट एक नंबर लहान घ्यायचं कबूल केलं.