१४ किलोमीटर अलीकडे

कोलवाळच्या पुलाच्या थोडं आधी, धारगळच्या बाजूला, रस्त्याकडेला एक झाड होतं. त्याच्या बुंध्याशी मी पाठपिशवी टाकली आणि ठरवलं, झालं इथवर पुरे. दुसऱ्या दिवसाचे साडेअकरा वाजले होते. डाव्या टाचेचा फोड फुटून मोजा चिकटला होता.

सावंतवाडीहून जुन्या गोव्यापर्यंत, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला), चालत. अंतर साठेक किलोमीटर. आमच्याकडचे लोक वर्षानुवर्षं जातात. मी पहिल्यांदाच निघालो होतो, आणि खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा रागाने. न्यायाधीशपदाच्या परीक्षेत तिसऱ्यांदा हुकलो होतो, तेही मुलाखतीत. वयाची अट जवळ येत होती. आई नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करत होती. मी म्हटलं, मी चालून येतो.

चालण्याचे नियम साधे. पहाटे साडेतीनला उठायचं, चारला निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत निम्मं अंतर सरतं. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, उजव्या बाजूने चालायचं. अंधारात पाठीवर चमकणारी पट्टी. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. आणि सगळ्यांत हळू चालणारा माणूस पुढे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. पहिल्या दिवशी बांद्यापर्यंत मला हा नियम अपमानास्पद वाटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत पुढे मीच होतो.

माझ्या खोलीतल्या भिंतीवर तीन वर्षांत सहा वेळापत्रकं चिकटली. रोज आठ तास अभ्यास, रविवारी दहा. एकही दोन आठवड्यांपलीकडे टिकलं नाही. ती वेळापत्रकं मी ताज्या, उत्साही माणसासाठी करायचो आणि पाळायला रात्री कोर्टातून आलेला थकलेला माणूस असायचा. इथले नियम मुळातच थकलेल्यांसाठी केलेले. उत्साह असो-नसो, पन्नास मिनिटं झाली की थांबा आणि दहा झाली की ऊठ. शरीराला दास करून ठेवतो, असं बायबलमधल्या पत्रात संत पौल करिंथकरांना लिहितो. ते वाक्य मला नेहमी कठोर वाटायचं. पण तो तंबू शिवून पोट भरणारा, मैलोगणती चालणारा माणूस. त्याला फोड ठाऊक असणार.

झाडाखाली मी बसणार तेवढ्यात गटातल्या मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, पायात साध्या चपला. "बसू नको, बाबू. बसलंस काय पाय आखडतले. उभ्यानंच पाणी पी." मी पाणी प्यालो. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि न विचारता चालू लागल्या. आता म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर आपली पिशवी बघत बसायला किती निर्लज्जपणा लागतो! माझ्याकडे तेवढा नव्हता.

त्या रात्री मुक्कामाला फादरनी झेवियरची गोष्ट सांगितली. ६ मे १५४२ला गोव्यात उतरलेला माणूस, १५४९मध्ये जपानला पोचला, आणि मग चीनचा ध्यास घेतला. १५५२मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर येऊन थांबला. मुख्य भूमी तिथून जेमतेम १४ किलोमीटर. एका व्यापाऱ्याने गुपचूप होडीने नेतो म्हणून कबूल केलं होतं. झेवियर वाट पाहत राहिला. होडी आली नाही. ताप आला आणि ३ डिसेंबरला तो त्याच बेटावर वारला. वय ४६.

"त्याच वर्षी ऑक्टोबरात इटलीत मातेओ रिची हा दुसरा धर्मप्रचारक जन्मला होता," फादर म्हणाले. "पुढे तो चीनमध्ये शिरला, १६०१मध्ये बीजिंगलाही पोचला."

सगळ्यांनी मान डोलावली. मला राग आला. दुसरा कोणी पोचला म्हणून ज्याची होडी आली नाही त्याचं काय? फादरना तसं विचारलंही. ते म्हणाले, "तो तर आज आपल्याला चालवतोय," आणि झोपायला गेले. हे उत्तर होतं की उत्तर टाळणं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण परत परत डोक्यात यायचं ते वेगळंच: होडी येणार नाही हे कळेपर्यंत त्या माणसाचा दिवस कसा गेला असेल? बहुधा पहाटे उठून प्रार्थना, मग दुखणेकऱ्यांपाशी, मग मुलांना शिकवणं. गोव्यात घंटा वाजवत मुलं गोळा करायचा, तसंच.

तिसऱ्या दिवशी पणजीहून रायबंदरचा जुना बांध लागला. १६३३-३४ साली बांधलेला, तीनेक किलोमीटर, दोन्हीकडे पाणी. कोणी बोलत नव्हतं, जपमाळही आपोआप पुटपुटण्यावर आलेली. बॅसिलिकेपुढच्या रांगेत दोन तास उभे राहिलो. झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर असते, मान वर करावी लागते. माझी पाळी आली तेव्हा मागायचं जे पाठ करून आणलं होतं ते आठवेना, आणि मागून रांग ढकलत होती.

"काय मागलंस?" बाहेर मावशींनी विचारलं.

"राहिलंच."

त्या इतक्या हसल्या की शेजारचे वळून बघू लागले.

फेस्ताची मिस्सा करून बसने परतलो. तीन दिवसांची वाट दोन तासांत सरली. कोलवाळचा पूल गेला तसा मी खिडकीशी सरकून ते झाड शोधू लागलो. एकसारखी दिसणारी बरीच झाडं गेली. नेमकं कुठलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.