लढाईवर न गेलेला शिपाई कसा शोधायचा

खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरींची कायमची देखभाल होईना, म्हणून त्या इथे आणल्या. या भागात लढाई झालीच नाही. म्हणजे इथले बहुतेक जण आजारपणात, अपघातात किंवा प्रशिक्षणात गेले. शिळेवर मृत्यूचं कारण नसतं आणि ते योग्यच आहे. युद्धमृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियम साधा आहे: ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात फौजेत असताना गेलेला प्रत्येक जण युद्धमृत. कारण कोणतंही असो.

प्रशिक्षण किती जीवघेणं असे, ते तेव्हा फौजेत वापरात असलेल्या ३६ नंबरच्या हातगोळ्यावरून कळतं. वजन पाऊण किलोच्या आसपास. पिन काढली तरी लीव्हर मुठीत घट्ट दाबलेला असेपर्यंत धोका नाही. तो सुटला की चार सेकंदांत स्फोट. घामेजलेल्या हातातून गोळा निसटतो, किंवा हात मागे नेताना खंदकाच्या भिंतीवर आपटून पायाशी पडतो. चार सेकंदांत बाहेर उडी मारायची, तीही घाबरलेल्या नव्या रंगरुटाने. न फुटलेला गोळा तर आणखी वाईट, कारण तो कधी फुटेल याचा भरवसा नाही.

आपल्या गावाकडचे गणपत, तुकाराम मात्र खडकीत क्वचितच सापडतील. हिंदू जवानांचं दहन होई, त्यामुळे कबर नाही, फक्त नोंद. ती कमिशनच्या वेबसाइटवर मिळते, पण आडनाव टाकून लगेच सापडेल अशी आशा नको. पुष्कळ भारतीय नोंदींत अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात आहे, म्हणून तिथे आधी पहिलं नाव टाकून बघा. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर होतं: ‘जाधव’मधला एच गायब, ‘राव’चा ‘राओ’. जिल्हाही तेव्हाचा धरा. आजच्या सांगलीतली बरीच गावं १९४९पर्यंत साताऱ्यात होती, सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत, आणि रायगडचं नाव कुलाबा.

नावापेक्षा खात्रीचा धागा म्हणजे सर्व्हिस नंबर. घरात पदक असेल तर त्याची कड उजेडात तिरकी धरून पाहा. दुसऱ्या महायुद्धाची भारतीय फौजेला दिलेली पदकं नावानिशी असत. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण उमटवलेली असते. १९३९-४५चं वॉर मेडल २८ दिवसांच्या सेवेवर मिळे, त्यामुळे आघाडीवर न गेलेल्याच्या घरीही ते असू शकतं. कृपा करून चिंच किंवा पावडर लावून घासू नका. अक्षरं उथळ असतात, एकदा झिजली की गेली.

नंबर हाती लागला की पलटणीच्या केंद्राला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांचं, इथेच खडकीत. पत्रात नंबर, हुद्दा, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, गाव, तेव्हाचा तालुका आणि जिल्हा, मृत्यूचं साल लिहा. नंबर एका ओळीत, सुटा आणि मोठ्या अक्षरात असू द्या, आणि पदकाच्या कडेचा फोटो जोडा.